वाकडेपणाचं माप

जळगावच्या सराफ्यात माझ्याइतक्या थापा मारणारा सोनार दुसरा झाला नाही, असं लोक म्हणतात आणि मी त्यांना कधी अडवत नाही. माझ्या आजोबांनी ओढलेली सोन्याची तार इतकी बारीक असायची की माशी तिच्यावर बसली तर माशीलाच घेरी यायची, असं मी एकदा एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. गिऱ्हाईक पाटल्या न घेताच गेलं, पण माशी घेऊन गेलं आणि चाळीसगावपर्यंत सांगत सुटलं. अशा माणसाने आयुष्यातली सर्वांत अभिमानाची गोष्ट पोटात दाबून ठेवायची म्हणजे काय हाल, ते दुसऱ्याला कळायचं नाही. माझं पोट त्यामुळेच सुटलं, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, शेवभाजीमुळे.

आता वय झालं. लाजून कुणाचं भलं व्हायचंय? म्हणून लिहितो.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी चाळिशी ओलांडलेली, धंदा बरा चाललेला. अशात एका पहाटे माझ्या लक्षात आलं की माझं लिंग ताठ झालं की डावीकडे वळतंय. थोडंथोडकं नाही. अजिंठा चौफुलीवर गाडी औरंगाबादच्या रस्त्याला लागावी तसं. दुखायचंही. डाव्या अंगाला कातडीखाली हरभऱ्याएवढी एक कडक गाठ हाताला लागायची.

पहिले काही दिवस मी समजत होतो की हे आमच्या धंद्याचं पाप. सोनार दिवसभर मांडी घालून एकाच अंगावर बसतो, शेगडी डावीकडे, म्हणून उष्णता डावीकडे ओढली गेली. मग वाटलं, कॅन्सर. मग वाटलं, गिऱ्हाइकांना मारलेल्या थापा अशा जागी जमा झाल्या. बायकोला सांगायची हिंमत नव्हती. जवळ गेलं की दुखायचं, म्हणून जवळ जाणंच बंद केलं. कधी डोकं दुखतंय, कधी उद्या लवकर उठायचंय, कधी आज एकादशी. एकादशी महिन्यातून दोनदा येते, माझी आठवड्यातून चारदा यायला लागली.

एका सकाळी ती भाकरी थापत होती. मान न वळवता म्हणाली, "दुसरी कोणी आहे का?"

मी इतका हबकलो की खरं बोललो. "बाई नाही गं कोणी. वाकडं झालंय."

तिचा हात परातीत तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपली. मग ती वळली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "एवढंच? मग तीन महिने माझ्याशी अबोला कशाला धरला? डॉक्टरकडे जायचं की नाही?"

मधल्या काळात मी डॉक्टर सोडून सगळ्यांकडे जाऊन आलो होतो, हे तिला सांगितलं नाही. स्टेशनच्या अंगाला तंबू ठोकून बसणाऱ्या एका वैद्याने मला लेप दिला होता. तो लावल्यावर मी घरातल्या घरात एवढा पळालो की रस्त्यावर पळालो असतो तर भुसावळला उतरलो असतो. गाठ तिथेच होती.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, "माझ्या हातचं नाही. धुळ्याला देवपुरात मूत्रविकाराचे एक सर्जन आहेत. यावर इंजेक्शन टोचून बघतायत म्हणे. जाऊन या."

इंजेक्शन, आणि तेही तिथे. एरंडोल येईपर्यंत मी तीनदा उतरायचं ठरवलं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा चौथ्यांदा. पण शेजारी बायको बसली होती, खिडकीकडची जागा मला देऊन. बाहेर पडायची वाट तिच्या गुडघ्यांवरून जात होती.

डॉक्टर किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि टेबलावर एक लांबट फुगा ठेवला, जत्रेत मिळतो तसा. त्याच्या एका बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि मला म्हणाले, "फुगवा."

मी फुगवला. फुगा चिकटपट्टीच्या बाजूला वळला.

"तुमचं हेच झालंय," ते म्हणाले. "आतलं आवरण ताणणारं असतं. कधी तरी बारीक इजा होते, कळतही नाही. भरताना तिथे व्रण धरतो, घट्ट, न ताणणारा. मग ती बाजू आखडते. कॅन्सर नाही. मांडी घालून बसल्यानेही नाही."

"आणि थापा मारल्याने?" बायकोने विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "त्याचा अजून कुणी अभ्यास केलेला नाही."

त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

मग त्यांनी सगळं फोड करून सांगितलं. ब्लडप्रेशरसाठी वापरतात त्यातलं एक औषध त्या गाठीतच थोडं थोडं टोचलं तर गाठ सैल पडते, असं परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं. खरं की खोटं, ते इथल्या माणसांवर नीट पडताळून बघायचं होतं. तशी रीतसर परवानगी घेतली होती. येणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त सिस्टरला ठाऊक, आणि तिने ते लिहून लिफाफ्यात बंद केलेलं. डॉक्टरांनाही माहीत नाही. "औषध लागू पडलं असं दिसलं, तर पाणी मिळालेल्यांना नंतर तेच औषध मी देईन. हे आधीच सांगतोय. पटलं तर सही करा, नाही तर चहा पिऊन जा."

मी सही केली. चहाही प्यालो.

अडचण निघाली ती मोजायची. औषधाने फरक पडतो की नाही हे कळायला वाकडेपणा आधी किती, नंतर किती, ते अंशांत मोजायला हवं. आणि माणूस दवाखान्यात डॉक्टरसमोर भीतीने एवढासा होतो, मोजणार काय? परदेशात लोक घरीच फोटो काढून आणतात म्हणे. पण त्या काळी रोल धुवायला स्टुडिओत द्यावा लागे. धुळ्यातला स्टुडिओवाला कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंच्या पाकिटात चुकून माझा फोटो घालणार आणि मुलीकडचे लोक तो पाहुण्यांना दाखवणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "गळ्यात घालायच्या सरीचं माप आम्ही कसं घेतो माहीत आहे? तारेने."

तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवली की शेवईसारखी मऊ पडते. जशी दाबाल तशी वळते आणि तशीच राहते. पहाटे जाग आल्यावर, ताठ असतानाच, ती बाजूने लावायची, वळणावर अंगठ्याने हलकी दाबायची, काढून डबीत ठेवायची. इथे आणून आलेखाच्या कागदावर ठेवायची, पेन्सिल फिरवायची आणि कोनमापक लावायचा. माणसाला कपडे काढायला नकोत, स्टुडिओ नको.

 डॉक्टर उठले आणि माझा हात हातात घेतला. मोठा शिकलेला माणूस. मी आतापर्यंत मंत्र्यांच्या बायकांना हार घडवून दिले आहेत (एका मंत्र्याच्या, खरं सांगायचं तर तहसीलदाराच्या), पण एवढं फुगायला मला कधी झालं नव्हतं. सगळ्यांच्या तारा मीच ओढून, तापवून, हातभर लांबीच्या कापून दिल्या. ठेवायला डॉक्टरांनी शाळेतल्या पोरांच्या कंपासपेट्या आणवल्या. आत कोनमापक आयताच.

दर दुसऱ्या मंगळवारी आम्ही देवपुरात जमायचो. बाकावर पाचोऱ्याकडचे एक आबा असायचे, कपाशीचे बागायतदार, मिशा अशा की दारातून आत यायला तिरकं व्हावं लागे. धुळ्यातल्याच जुन्या वस्तीतले यंत्रमाग चालवणारे चाचा असायचे. शिंदखेड्याचे एक गुरुजी, आणि आणखी काही जण. पहिल्या दिवशी कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना.

"काय आबा, काय त्रास?" मी विचारलं.

"मुतखडा शे."

"चाचा, तुमचं?"

"वही. पथरी."

गुरुजी न विचारताच म्हणाले, "मूत्राश्मरी."

त्या बाकावर एवढे मुतखडे जमले होते की पांझरा नदीवर आणखी एक बंधारा झाला असता. आणि प्रत्येकाच्या मांडीवर पोराची कंपासपेटी. शेवटी चाचाच खदखदून हसले, "अरे भाई, पथरी नापने को कंपास कायको लगता?" तेव्हापासून आम्ही एकमेकांचे झालो. घरच्यांना जे सांगता येत नव्हतं ते बाकावर मोकळं व्हायचं. आबांची बायको त्यांना सोडून मुलाकडे राहायला गेली होती, कारण आबांनी तिला काही न सांगता ओसरीवर खाट टाकली होती. चाचा रोज मागावर दोन तास जास्त बसायचे, घरी जायला नको म्हणून. माझी एकादशी ऐकून दोघंही इतकं हसले की सिस्टर ओरडायला बाहेर आली.

सुईबद्दल मी बाहेर काही सांगू शकत नव्हतो, म्हणून इथे सांगतो: भाल्याएवढी होती. बरं, नव्हती. केसाएवढी बारीक होती आणि आधी बधीर करायचे. पण गाठीत औषध शिरताना जो ताण पडायचा तो कळायचा. मी एकदाही हूं की चूं केलं नाही. आबा मात्र प्रत्येक वेळी देवपूरचा पूल हलेल असं ओरडायचे आणि बाहेर येऊन मिशा पुसत म्हणायचे, "काहीच नही."

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

इंजेक्शन देऊन झालं की डॉक्टर तार कागदावर ठेवायचे आणि विचारायचे, "काही फरक?" सकाळपासून उभे, दुपारचं जेवण राहिलेलं, डोळे लाल. आवाज असा की घरी पंगत वाढून झाल्यावर घरधनी विचारतो तसा. खान्देशात पंगतीत बसलेल्या माणसाला असं विचारलं तर भाजी खारट असो की करपलेली, उत्तर एकच: बठ्ठं बेस शे. सगळं छान आहे. वाढणाऱ्याचं तोंड पाडायचं नाही.

पाचव्या का सहाव्या खेपेला बस पारोळ्यावरून निघाली तेव्हा मी पेटी उघडली. तार जशी होती तशीच, पहिल्यासारखी वाकडी. मला त्या माणसाचा चेहरा आठवला. आणि माझंही नाक होतंच की. तारेची युक्ती माझी, आणि तीच फरक दाखवत नाही म्हणजे काय? मी अंगठ्याने तार थोडी सरळ केली. गुंजभर. डॉक्टरांनी मोजलं, त्यांचे डोळे चमकले. पुढच्या खेपेला दोन गुंजा. त्याच्या पुढच्या खेपेला मी घरीच, निवांत, चिमट्याने केली.

शेवटच्या खेपेच्या सकाळी पेटी ओट्यावर उघडी राहिली. बायकोने तार उचलून बघितली.

"ही कुणाची?"

"माझीच. कुणाची असणार?"

"खोटं."

"तुला काय माहीत?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की शेगडीतले निखारे विझावेत. "मला नाही माहीत तर कुणाला माहीत असणार?"

मी सांगितलं, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून जरा. ती तार पेटीत ठेवत म्हणाली, "मग डॉक्टरांशीच संसार करा," आणि त्या दिवशी बसला माझ्याबरोबर आली नाही.

मी तीच तार घेऊन गेलो.

आठवड्याभराने डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. टेबलावर मोठा पुठ्ठा होता, त्यावर सगळ्यांच्या शेवटच्या तारा टाचलेल्या. डावीकडे औषधवाले, उजवीकडे मिठाच्या पाण्याचे. लिफाफा फोडलेला.

"दोन्हीकडे सारखंच," ते म्हणाले. "सगळ्यांच्या तारा सरळ. मिठाच्या पाण्यानेही तितकंच झालंय. म्हणजे औषधात काही नाही. पुढच्या वर्षी नाशिकला डॉक्टरांची परिषद आहे, तिथे हेच वाचायला लागेल. इथलं मी थांबवतोय. तुम्हा लोकांना एवढं टोचलं ते फुकट." मग पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सर्वांत सरळ तार तुमची. तुम्हाला पाणी होतं."

 

मी पुठ्ठ्यावरून माझी तार काढली. शेजारची काढली. एकेक तार अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळू दाबत गेलो. तांबं एकदा वाकवून परत सरळ केलं की त्या जागी ताठर होतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लगेच कळतं. मऊ, मऊ, मऊ, आणि मध्येच उलट जोर. आबांची तार तशी. चाचांची तशी. गुरुजींनी तर पट्टीवर ठेवून सरळ केली असावी, इतकी सुबक. डावी बाजू, उजवी बाजू, जवळपास सगळ्यांनी.

"डॉक्टर," मी म्हटलं, "औषधाचं मला माहीत नाही. तारा खोट्या आहेत."

"म्हणजे?"

"आम्ही त्या सरळ करून आणल्या. पहिली मी केली असेल."

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "का?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

पुढच्या मंगळवारी त्यांनी सगळ्यांना बाकावर बसवून तोच प्रश्न विचारला. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "डॉक्टरले वाईट वाटाले नको म्हनीसन." चाचा म्हणाले, "इतनी मेहनत करते आप. मुंह पे कैसे बोलें?" गुरुजींनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले.

डॉक्टर चिडले. मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने बोलताना ऐकलं. "इथे कुणी पंगत वाढलेली नाही! औषध चांगलं असेल तर तुमच्या गोड बोलण्याने ते उद्या कुणालाच मिळणार नाही. आणि वाईट असेल तर माझ्यासारखे दहा जण ते टोचत बसतील. तुम्हाला माझी दया आली. ज्यांना मी कधी भेटणार नाही त्यांची कुणाला येणार?"

 ते आत जायला वळले आणि म्हणाले, "बंद करतो मी हे."

तेव्हा मी उठलो. "डॉक्टर, मोजायचं काम मला द्या."

"तुम्हाला?" त्यांच्या आवाजात जे होतं ते मी विसरलेलो नाही.

"लोकांना तुमचं मन मोडवत नाही. सोनाराचं मन सांभाळायला आजवर कोण आलंय? सोनारापुढे बसलं की माणूस डोळ्यांत तेल घालून बसतो. मी एक अंश कमी सांगितला तरी हे माझी गचांडी धरतील."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आबा होते. "खरं शे," ते म्हणाले. "सोनारना भरोसा कोन धरस?"

डॉक्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुमची तार? सर्वांत जास्त तुम्हीच सरळ केली होती. ती कोण मोजणार?"

"तार माझी बायको लावील. पेटीला दोरा बांधून ती गाठ मारील. तिची गाठ मला लग्नापासून सुटलेली नाही. इथे ती आबांनी सोडायची आणि आबांनीच मोजायची."

घरी हे बायकोला सांगायला मात्र मला पहिल्या खेपेला बसमध्ये बसून राहायला लागली त्याच्या दुप्पट हिंमत लागली. मी सगळं सांगितलं, मला पाणी होतं तेही. ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "मिठाचं पाणी," ती म्हणाली, "आणि तार एवढी सरळ! तरी म्हटलं." मग हसू आवरून म्हणाली, "लावीन मी तार."

डॉक्टर पुन्हा एकदा तयार झाले: नवा लिफाफा, नव्या तारा, पहिल्यापासून सगळं. डॉक्टरांनी मला बाहेरच्या खोलीत टेबल दिलं. त्या सहा महिन्यांत मी जेवढा भांडलो तेवढा सराफ्यात वीस वर्षांत भांडलो नसेन.

"आबा, चाळीस अंश."

"चाळीस कसा? रेघ दख. बेचाळीस शे. दोन अंश खाई गया का रे तू?"

"बरं, एक्केचाळीस."

"भाजी घेस का तू? नीट लाव तो कोनमापक!"

चाचा स्वतःची तार स्वतः हातात धरून कागदावर ठेवायचे, माझा हात लागू द्यायचे नाहीत. गुरुजी माझी रेघ खोडून स्वतः काढायचे. आपल्या वाकडेपणातला अंशभरही कुणी सोनाराला सोडेना. आतल्या खोलीतून डॉक्टरांना हे ऐकू जायचं. सिस्टर सांगायची की ते ऐकून एकटेच हसतात.

आणि माझी पेटी. पहाटे बायको उशाशी तार घेऊन बसायची, कपाळाला आठी घालून, सोनारापेक्षा कडक. "हलू नका. तुम्ही हललात की माप हलतं." आधी मला लाज वाटायची. मग नाही. तीन महिने पाठीला पाठ लावून झोपलेली माणसं आम्ही, त्या तारेवरून पुन्हा बोलायला लागलो. कधी तार बाजूला पडायची आणि बोलणंच चालायचं. दोऱ्याची गाठ ती इतकी पक्की मारायची की आबा दातांनी तोडायचे आणि म्हणायचे, "वहिनी सोनारीन शोभस."

लिफाफा उघडला त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. काहीच लपवलं नाही. औषधाच्या बाजूला बऱ्याच जणांचा वाकडेपणा कमी झाला होता, पण कुणाचाही पुरता गेला नव्हता. गाठी मऊ पडल्या होत्या, दुखणं थांबलं होतं. पाण्याच्या बाजूला जवळजवळ जैसे थे. एकाचं आपोआपच थोडं सुधारलं होतं. मला या वेळी औषध होतं. माझे पंचेचाळीसचे तीस झाले. मी ते ऐकून उडी मारली असती, पण आबांचा आकडा अजून यायचा होता.

आबांनाही औषध होतं. बेचाळीसचे बेचाळीस.

डॉक्टर त्यांच्याकडे बघायला कचरत होते. आबांनी कागद ओढून घेतला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "लिखा. बदल नही."

नाशिकला डॉक्टरांनी मला बरोबर नेलं, मोजमाप समजावून सांगायला. आबा आपणहून आले. "मनी तार जाई ऱ्हायनी," म्हणाले, "मी बी येस." फेटा बांधून, मिशांना तेल लावून. सभागृहात बसलेले डॉक्टर मोजले तर शे-दोनशे असतील. मला ते दहा हजार दिसत होते. आमच्या डॉक्टरांनी पडद्यावर तारांची चित्रं दाखवली. स्पष्ट सांगितलं की माणसं थोडी होती, एवढ्यावरून छातीठोक काही म्हणता येणार नाही, मोठ्या प्रमाणावर बघायला हवं. आणि पहिल्या खेपेला काय झालं तेही सांगितलं. लोक हसले.

पहिल्या रांगेतले एक वयस्कर सर्जन उठले. "म्हणजे तुमचे पेशंट तुम्हाला खूश करायला खोटं बोलतात. मग दुसऱ्या वेळी खरं बोलले, हे कशावरून?"

आमचे डॉक्टर माझ्याकडे वळले. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, आणि चांगलं लांबलचक, आजोबांपासून सुरू होणारं. पण माझ्याआधी शेजारची खुर्ची करकरली. आबा उभे राहिले होते. त्या अख्ख्या सभागृहात, सगळ्या कोटवाल्यांपुढे, जे त्यांनी स्वतःच्या गावात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला.

"बेचाळीसवाला मी शे साहेब," ते म्हणाले. "इतला मंगळवार टोची लिधं. मले काहीच फरक पडना नही." आणि व्यासपीठावरच्या आमच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. "हाऊ मानूस देवमानूस शे. तरीबी नही पडना."

कुणी हसलं नाही. वयस्कर सर्जन आबांपुढे मान तुकवून खाली बसले. टाळ्या मागून सुरू झाल्या. किती वेळ वाजल्या ते मी सांगत नाही. मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि या एका गोष्टीत मला ते चालणार नाही.